ओलं फडकं

दिघीला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी कितीतरी वर्षं नुसती उभी होती. बॅटरी काढलेली, टायर बसलेले, काचांवर बोटभर धूळ. पण तिच्या डिकीतला पाण्याचा कॅन कायम भरलेला असायचा आणि त्याला गुंडाळलेलं फडकं कायम ओलं असायचं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दादाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते आणि जॅक शोधायला डिकी उघडली होती. हात आत घातला तो थेट गार फडक्यावर पडला. मी इंजिनीअरिंग शिकणारी, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी. तरी डिकी आपटून घरात पळाले, चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले आणि कुणाला काही बोलले नाही. बंद गाडीतलं फडकं ओलं कोण ठेवील, याचं एकच उत्तर माझ्या डोक्यात येत होतं आणि ते मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मागच्या दारातून पाहिलं. वहिनी कंपनीच्या बससाठी तयार होऊन, डबा पिशवीत घालून शेडमध्ये गेल्या. कॅन बाहेर काढला, कालचं पाणी कढीपत्त्याला ओतलं, नळावरून नवं भरलं, फडकं पिळून पुन्हा गुंडाळलं, डिकी हलक्या हातानं लावली आणि बसला गेल्या. भूत नव्हतं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आता गाडीबद्दल सांगायला हवं, नाहीतर कॅनचं कोडं सुटायचं नाही. गाडी अमेरिकन. दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. पिंपरीतल्या एका कंपनीतला गोरा साहेब मायदेशी परतताना ती मागे सोडून गेला, मग ती दोन-तीन हात फिरली, आणि आमची जमीन संपादनात जाऊन पैसे आले त्या वर्षी आबांनी ती घरी आणली. घरात बैलगाडी आणि लुना सोडून दुसरं वाहन नव्हतं. आईनं दारातच कपाळाला हात लावला होता. "गावात वळवायला जागा न्हाई आन् ह्यांनी जहाज आणलं," असं ती येईल त्याला सांगायची. पण वस्तीतल्या कितीतरी नवरदेवांची वरात त्याच जहाजातून निघाली आणि आई प्रत्येक वेळी तिला कुंकू लावायला सगळ्यांच्या पुढे असायची.

त्या गाडीला एक खोड होती. ऊन तापलं, गर्दीत अडकली, की बंद पडायची. तिचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला. इंजिन तापलं की पंप तापणार, पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होणार, आणि वाफ काही त्या पंपाला ओढता येत नाही. त्यावर तेव्हा एकच इलाज सगळ्यांना माहीत होता. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि थांबायचं. घाटात, नाक्यावर, लग्नाच्या मांडवासमोर, बॉनेट वर करून फडकं टाकणारा माणूस हे त्या काळचं नेहमीचंच दृश्य होतं. आमच्याकडे त्यासाठी आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचे तुकडे केलेले होते. डिकीत पाण्याचा कॅन असायचा. तो भरून ठेवायचं काम लग्न होऊन आल्यापासून वहिनींचं.

दादा गेला तो दिवस थंडीतला. दादा, वहिनी आणि त्यांची लहानगी लेक खेडकडच्या वहिनींच्या माहेराहून सकाळी परत येत होते. चाकणच्या अलीकडे गाडी बंद पडली. दादानं बॉनेट उघडलं, डिकी उघडली. फडकं कोरडं होतं, कॅन रिकामा होता. समोरच्या टपरीवरून पाणी आणतो म्हणून तो कॅन घेऊन रस्ता ओलांडायला निघाला. जाताना पोहोचला. कॅन भरून परत येताना ट्रकनं उडवलं.

लोकांनी कॅनसुद्धा परत आणून दिला. ही लोकांची भलाई, पण मला त्यांचा आजही राग येतो.

तेराव्याला घरात माणसं बसली होती. आबा भिंतीला टेकून होते. कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं की वेळ आली की निमित्त लागतं. आबा म्हणाले, "कॅन भरलेला आसता तर पोरगं रस्ता वलांडाया गेलं नसतं."

एवढंच. पुन्हा कधी हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. वहिनींना घालून पाडून बोलले नाहीत, त्यांना माहेरी धाडलं नाही, उलट भोसरीत पॅकिंगची नोकरी मिळाली तेव्हा पहिले कित्येक दिवस स्वतः बसपर्यंत सोडायला जायचे. लोक म्हणायचे, असा सासरा मिळायला भाग्य लागतं. पण ते वाक्य मी ऐकलं होतं, वहिनींनी ऐकलं होतं, आणि ते घरात जेवायला बसायचं, झोपायचं, उठायचं. वहिनी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या फक्त कॅन भरायला लागल्या.

माझ्या मनात मात्र दुसरंच कुसळ होतं. थंडी होती त्या सकाळी. हुडहुडी भरणारी. थंडीत, सुसाट मोकळ्या रस्त्यावर, पंप तापून गाडी बंद पडते कशी? मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा आबांना हे विचारलं, तर ते जेवणावरून उठून गेले. मग मी विचारणं सोडलं, पण प्रश्न काही मला सोडेना.

पुढे मला नोकरी लागली तीही नेमकी चाकणला आणि तीही पेट्रोलच्या पंपांच्या चाचणीची. याला योगायोग म्हणा नाहीतर माझाच आडमुठेपणा. काचेच्या बंद कप्प्यांमध्ये पंप दिवसदिवस चालत असतात. पेट्रोल नीट मिळत असेल तर त्यांचा आवाज सपाट, घुमणारा असतो. पेट्रोल कमी पडायला लागलं की तो आवाज वर चढतो, किनरा होतो, आणि मग पंप जळतो. तो चढलेला आवाज मला आजही सहन होत नाही. सहकारी म्हणतात, मॅडमना सगळ्यांच्या आधी कसं कळतं? मी म्हणते, सवय. खरं म्हणजे दर वेळी मला वाटतं, दादाची गाडी बंद पडायच्या आधी अशीच काहीतरी सांगत असणार आणि ती भाषा त्याला येत नव्हती.

तर अशी ही गाडी तशीच उभी राहिली असती. पण माझ्या भाचीचं लग्न ठरलं, आणि ती म्हणाली, "आत्या, माझी पाठवणी पप्पांच्या गाडीतूनच होणार."

आबा खाली बघत राहिले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या हरभरा निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण वन्सं, ती गाडी रस्त्यात थांबली नाही पाहिजे. थांबणार नाही असं तुम्ही मला सांगा, मग मी हो म्हणते."

मी सांगते म्हणाले. नवऱ्यानं मारुंजीला आमच्या घरी परत जाताना गाडीत विचारलं, "कशाच्या जोरावर शब्द दिलास?" मी म्हणाले, जन्मभर एवढं एकच काम शिकलेय, त्याच्या जोरावर.

इंजिन काळेवाडीच्या एका मिस्त्रींनी आश्चर्य वाटावं इतक्या सहज जागं केलं. बाटलीतून थेट पेट्रोल देऊन त्यांनी ते शेडमध्ये सुरू केलं तेव्हा पत्रे थरथरले आणि शेजारचा कुत्रा बेपत्ता झाला तो संध्याकाळीच उगवला. आबा ओट्यावर बसून होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्री मूळचे नांदेडकडचे. ते म्हणाले, "इंजिन भारीच हाय ताई. पण ह्यो जुना पंप ऱ्हायला तर उन्हात फुलं माळून मधेच उभी ऱ्हायलीच म्हणून समजा."

जुना पंप जाणार हे नक्कीच होतं. प्रश्न होता, नवा विजेवरचा पंप कुठला घ्यायचा आणि कुठे बसवायचा. सोपा मार्ग होता बाहेर बसवायचा, टाकीच्या जवळ गाडीच्या सांगाड्याला. छोटा पंप मिळतो, दोन बोल्ट मारले की झालं. पण विजेचा पंप ढकलायला हुशार आणि ओढायला आळशी असतो. बाहेर बसवला की त्याला टाकीतून पेट्रोल वर ओढावं लागतं, त्यात आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते लवकर वाफाळतं. शिवाय तो मागच्या सीटखाली सारखा घरघरत राहतो. टाकीच्या आत बसवला तर पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, गार राहतो, आवाज जेमतेम कानावर येतो, आणि पहिल्या थेंबापासून नुसतं ढकलतो. मला रस्त्यात न थांबणारी गाडी हवी होती. मला टाकीतलाच हवा होता.

त्यातही फसायला जागा होत्या. कंपनीतला एक सहकारी म्हणाला, "मॅडम, एखाद्या नव्या कारचा टाका ना राव, कशाला डोकं लावताय." नव्या कारचा पंप म्हणजे जुन्या कार्बोरेटरला झेपतो त्याच्या दहापट जोर. पेट्रोल कार्बोरेटर फोडून वर येणार आणि तापलेल्या इंजिनावर सांडणार. म्हणजे आगीतून फुफाट्यात नव्हे, फुफाट्यातून आगीत. मी जुन्या गाड्यांसाठीच बनवलेला, कमी जोराचा, इथेनॉल सोसणारा पंप परदेशातून मागवला. उरलेलं पेट्रोल परत टाकीत आणणारी दुसरी नळी टाकायचं ठरवलं, म्हणजे ते नळीत तापत पडायचं नाही. आणि गाडीला धक्का बसला तर पंपाची वीज आपोआप तुटेल असा एक स्विच. आमच्या घरात धक्का म्हटलं की एकच आठवतो.

हे सगळं मी आबांना उत्साहानं सांगायला गेले.

"टाकीला हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले.

"आबा, पंप टाकीत बसवायचा तर टाकी उतरवावी लागेल ना."

"मग भाईर बसव. लोकं बसिवत्यात न्हवं भाईर?"

मी बाहेरचा का नको ते पुन्हा समजावलं. ते म्हणाले, टाकीची शिलाई कंपनीची हाय, एकदा उघडली की गळती लागती. मी म्हणाले, गळती काढायचाच तर पगार घेते मी. ते म्हणाले, जुन्या टाकीत घाण आसती, ती ढवळू ने. मी म्हणाले, घाण आहे म्हणूनच तर काढायची. आवाज चढले. मी तापट आहे आणि ते मी त्यांच्याकडूनच उचललंय. शेवटी मी म्हणाले, "हट्टाला औषध नाही, आबा. नातीच्या जिवाशी खेळू नका." बोलून गेले आणि मलाच चटका बसला.

मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटला. इतकी वर्षं शेडकडे न फिरकणारे आबा आता रोज तिथे खुर्ची टाकून बसायला लागले होते, तेही मला गाडीवरचं प्रेमच वाटत होतं. पिंपळाखाली बसतात तसे टाकीकडे तोंड करून बसायचे.

वाद वहिनींनी मिटवला. त्या शेडच्या दारात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "मामंजी, ज्यानं गाडी थांबणार नाही ते बसवू द्या वन्संना." आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींनी त्यांच्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. आबा म्हणाले, "बरं." आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं. तो राग असेल असं मी समजले.

टाकी गुरुवारी उतरवली, भोसरीच्या कंपन्यांना सुट्टी असते त्या दिवशी. मीही रजा घेतली होती. मिस्त्रींनी मोकळ्या हवेत, सावलीत गोणपाट अंथरून टाकी ठेवली. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. वर्षानुवर्षं तळाशी राहिलेलं पेट्रोल आटून रोगणासारखं झालं होतं. मी आबांना सांगितलं, लांब बसा, वासानं चक्कर येईल. ते खुर्ची आणखी जवळ घेऊन बसले.

टाकीतलं पेट्रोल काट्यावर दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्याचं झाकण मिस्त्रींनी काढलं. आत बघितलं. तार वाकवून तिचा आकडा केला आणि आत फिरवायला लागले.

"ताई, आतमंदी कायतरी हाय बगा. कापडासारकं लागायलंय."

आकड्याला लागून ते हळूहळू बाहेर आलं. चिकट, तपकिरी, मुठीएवढं बोचकं. मिस्त्रींनी ते गोणपाटावर ठेवून काडीनं उलगडलं. कापडाच्या कडेला सुतळी बांधलेली होती, तिची गाठ अजून पक्की होती. आणि एका कोपऱ्यात, जिथे घडीच्या आत रंग वाचला होता, तिथे हिरव्यावर लाल काठ होता.

"गाळणं दिसतंय," मिस्त्री म्हणाले. "नरसाळ्याला बांधत्यात ना, तसलं. वततावता आत सरकलं आसंल."

आमच्या घरात पेट्रोल डब्यातून आणून टाकीत ओतलं जायचं, आणि ते ओतायचे आबा. दुसऱ्या कुणाला ते हात लावू द्यायचे नाहीत. पाटाच्या इंजिनाचं डिझेलही ते गाळून घेत, दूधही, उसाचा रसही. नरसाळ्यावर लुगड्याचं फडकं, फडक्याला सुतळी, सुतळीला बैलाच्या कासऱ्याची गाठ. ती गाठ मी झोपेतही ओळखली असती.

मी खाली बसले. माझ्या डोक्यात सगळं ओळीनं लागत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. टाकीत पेट्रोल हिंदकळतं, फडकं त्यात फिरतं. फिरताफिरता ते ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर येऊन बसतं. पेट्रोल बंद, गाडी बंद. गाडी थांबली की ओढही थांबते, फडकं आपोआप सुटून तळाला जातं, आणि थोड्या वेळानं गाडी मुकाट सुरू होते. तेवढ्यात कुणी बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकलेलं असतं, म्हणून श्रेय त्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. शेवटच्या त्या वर्षात गाडी जास्तच बंद पडायला लागली होती, कधीही, कुठेही. दादा म्हणायचा, म्हातारी झाली. थंडीत गाडी का थांबली, हा प्रश्न मी चाकणच्या सगळ्या प्रयोगशाळा पालथ्या घालून सोडवू पाहत होते, आणि उत्तर घराच्या मागे, आईच्या लुगड्यात बांधून ठेवलेलं होतं.

त्या सकाळी पाण्याची गरजच नव्हती. नुसता बसून राहिला असता तरी गाडी सुरू झाली असती. वहिनींचा कॅन भरलेला असता काय आणि रिकामा असता काय, काही फरक पडत नव्हता.

मला पहिल्यांदा आनंदच झाला. हे मी लपवत नाही. वाटलं, धावत जाऊन वहिनींना सांगावं. मग मी आबांकडे पाहिलं.

आबा फडक्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. आणि मला कळलं की या बोचक्याचं त्यांना आश्चर्य वाटलेलं नाही.

चिडावं की त्यांना मिठी मारावी हे कळेना. एक क्षण असाही आला की मिस्त्रींना म्हणावं, टाका ते कचऱ्यात. ऐंशी ओलांडलेला माणूस, किती दिवस राहिलेत. वहिनींनी इतकी वर्षं ओझं वाहिलंय, आता आणखी थोडं. हा विचार मी केला आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात भरलेला कॅन. सुट्टीच्या दिवशीही त्यांचं ते काम चुकत नसे, फक्त जरा उशिरा व्हायचं. गाडीची डिकी उघडी होती, टाकी बाहेर होती. कॅन कुठे ठेवावा असं त्या बघत राहिल्या.

"पोरी," आबा म्हणाले, "त्यो क्यान खाली ठीव."

वहिनींनी ठेवला.

"त्या दिशी गाडी पान्यावाचून थांबली न्हवती. ह्यानं थांबली." त्यांनी काठीनं फडक्याकडं दाखवलं. "ह्ये माझं हाय. टाकीत माझ्या हातनं गेलं."

वहिनी वाकल्या. काठ बघितला, सुतळी बघितली. त्याही याच घरात नांदल्या होत्या, त्यांना गाठ समजावून सांगायची गरज नव्हती. मिस्त्री हात पुसत हळूच फाटकाबाहेर गेले. फार शहाणा माणूस.

"तुम्हाला ठाऊक होतं?" वहिनींनी विचारलं.

"ठाऊक न्हवतं. फडकं हरवलंय येवढं ठाऊक व्हतं. वाऱ्यानं उडालं आसंल म्हनलो."

"मग आत गेलं असेल असं कधी वाटलं?"

आबांचा काठीवरचा हात नुसता वरखाली होत होता.

"तेराव्याला," ते म्हणाले. "बोललो, आन् बोलता बोलताच वाटलं."

म्हणजे ते वाक्य तोंडातून निघत असतानाच. आणि मग ते परत घ्यायला त्यांना इतकी वर्षं पुरली नाहीत. शेड, गाडी, बंद टाकी, सगळं त्यांनी जपलं होतं ते प्रेमानं नव्हे. भीतीनं. आत आहे की नाही हे न कळलेलंच बरं, या भीतीनं. मी त्यांच्यावर संतापले, आणि त्याच वेळी मला त्यांची इतकी दया आली की मी तोंड फिरवलं.

वहिनी रडल्या नाहीत. कॅनशेजारी जमिनीवर बसल्या. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "कॅन मी भरला होता. माहेराहून निघताना काठोकाठ भरला होता. वाटेत पोरगी ओकली. तिचं तोंड धुतलं, झगा धुतला, त्यात पाणी संपलं. इतक्या वर्षांत कुणी मला विचारलंच नाही, पाणी गेलं कुठं."

मीही कधी विचारलं नव्हतं, मी फक्त थंडीचं विचारत राहिले होते.

वहिनी उठल्या, पदरानं हात पुसले आणि घरात गेल्या. कॅन तिथेच राहिला.

पंप बसला. टाकी आतून खरवडून, धुऊन, लेप देऊन कोरी केली. पंपाच्या तोंडाला जाळीची पिशवी असते, गाळण्यासाठीच, ती लावल्यावर मी दोनदा ओढून बघितली. किल्ली फिरवली की इंजिनाआधी मागून बारीकसा घुमणारा आवाज यायचा आणि एका दमात सपाट व्हायचा. मी तो टाकीला कान लावून ऐकला. कुठेही चढत नव्हता.

लग्नात भाची त्याच गाडीतून चाकणपलीकडच्या सासरी गेली. गाडी मीच चालवली, कारण शब्द मी दिला होता. मोशीच्या अलीकडे मुंगीही शिरणार नाही अशी वाहनांची कोंडी होती, ऊन मी म्हणत होतं, इंजिनाचा काटा वर सरकत होता. मागे भाची रडता रडता थांबून विचारायची, "आत्या, बंद नाही ना पडणार?" मी रेडिओ बंद करवला आणि मागचा तो आवाज ऐकत राहिले. चाकणच्या अलीकडची ती जागा आली. टपरीच्या जागी आता मोठं हॉटेल आहे. माझा पाय आपोआप सैल पडला, गाडी हळू झाली, आणि मला खरंच वाटलं की रस्त्याच्या कडेला कुणीतरी कॅन घेऊन पलीकडे यायची वाट बघत उभं आहे. मी हॉर्न दिला. कशासाठी ते भाचीनं विचारलं नाही. गाडी थांबली नाही.

वहिनींनी त्या गुरुवारपासून कॅनला हात लावला नव्हता. आबांशी त्या बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, गोळ्या देत होत्या. आधी जेवढं बोलायच्या तेवढंच. पण सकाळी मागच्या दारानं जाणं बंद झालं होतं. मला वाटलं, चला, निदान एक माणूस सुटलं.

लग्नानंतर मी दोन दिवस माहेरी राहिले. दुसऱ्या सकाळी गाडी पुसावी म्हणून शेडमध्ये गेले. फुलांच्या माळा काढल्या, डिकी उघडली. कॅन जागेवर होता. काठोकाठ भरलेला. त्याला गुंडाळलेलं फडकं गार, ओलं.

माझा हात तसाच राहिला. मागे वळले तर वहिनी मागच्या दारात उभ्या, डबा पिशवीत, बसची वेळ झालेली.

"वहिनी, आता कशाला?" मी म्हणाले. "आता या गाडीला पाणी लागतच नाही."

"मी नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी मानेनं नळाकडं दाखवलं. आबा तिथे होते. काठी भिंतीला टेकवलेली, ओल्या फरशीवर एका हातानं नळ धरून उभे. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. त्यांना नीट वाकताही येत नाही.

मी त्यांना धरायला निघाले. वहिनींनी माझा दंड पकडला.

"राहू द्या, वन्सं," त्या म्हणाल्या. "भरू दे त्यांना."

मग त्या बसला गेल्या.